केस करायची की नाही, हे ठरवायला आधी कागद हवेत

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, गडचिरोली व चंद्रपूर



दवाखान्याबद्दल काही म्हणायचं असलं की पत्र आरोग्यमंत्र्यांना लिहायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. रिक्त पदं, बंद पडलेलं सोनोग्राफी मशीन, वेळेवर न पोचलेली १०८, यांबद्दल ती पत्रं जायलाच हवीत. हे पत्र मी मुद्दाम आपल्याला लिहितो आहे. यातला प्रश्न ऑपरेशन होऊन गेल्यावर सुरू होतो. टाके निघाले, माणूस गावी परतला, आणि आत काहीतरी बिघडलं आहे हे त्याला कळलं. पुढं काय करावं हे नीट सांगणारं कुणी आमच्या दोन जिल्ह्यांत चटकन सापडत नाही. कायद्यानं ते काम ज्यांच्याकडे सोपवलं आहे, ते आपण आहात.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. गावोगावी लोक ज्यांच्याकडे कागद वाचून घ्यायला येतात, त्यांपैकी एक. सातबारा, वनहक्काचे दावे, बँकेच्या नोटिसा आणि अलीकडे दवाखान्याचे कागद.

धानोरा तालुक्यातल्या आतल्या गावची एक बाई. वय चाळिशीच्या अलीकडचं. अंगावरून फार जातं म्हणून तपासायला गेली आणि बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात तिला गर्भाशय काढून टाकायला सांगितलं गेलं. बचत गटाचं कर्ज काढून, घरात खायला ठेवलेलं धान विकून पस्तीस हजार उभे केले. ऑपरेशन झालं, आठवड्यानं घरी आली. त्यानंतर चार-पाच दिवसांतच लघवी आपोआप गळायला लागली. झोपेत, चालताना, बांधीत वाकून रोवणी करताना. दवाखान्यात फोन केला तर उत्तर आलं, ‘होतं असं, थांबेल महिनाभरात.’ महिने गेले. आता ती लग्नाकार्याला जात नाही, बाज अंगणात वेगळी टाकते. कागद घेऊन आला तो तिचा नवरा. प्लास्टिकच्या पिशवीत एक डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट, औषधाच्या दुकानाची बिलं आणि कुणी मागितली नसताना जोडलेली रेशनकार्डाची झेरॉक्स. दवाखान्याला दिलेल्या पैशांची पावती नव्हती. एका कोऱ्या चिठ्ठीवर पेनानं रक्कम लिहिली होती आणि तिच्याभोवती गोल काढला होता. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत दोन ओळी: ऑपरेशननंतरचा काळ ‘अनइव्हेंटफुल’, घरी सोडताना प्रकृती ‘सॅटिसफॅक्टरी’.

त्यानं विचारलं, ‘केस टाकावी का जी?’

या प्रश्नाला त्या पिशवीच्या आधारावर मुंबईचा नामांकित वकीलसुद्धा उत्तर देऊ शकला नसता. माझ्या मते आमच्याकडची खरी अडचण ती हीच. लोक घाबरतात, कोर्टाची पायरी चढायला कचरतात, असं शहरात म्हटलं जातं. कचरतात हे खरं. पण पायरी चढायची की नाही हे ठरवण्यापुरतीही माहिती त्यांच्या हाती पडत नाही, आणि मग न ठरवताच मुदत निघून जाते.

गर्भाशय काढताना मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होऊ शकते. मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यात छिद्र राहतं आणि लघवी गळते. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात. हा या ऑपरेशनचा माहितीतला धोका आहे, हुशार सर्जनच्या हातूनही तो घडतो. म्हणजे फिस्टुला झाला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही, हे त्या नवऱ्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. बहुतेक वेळा ही इजा पुन्हा ऑपरेशन करून दुरुस्त होते, हे तर त्याहूनही आधी सांगायला हवं. पहिलं काम उपचाराचं. त्यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे: दुरुस्ती करणारा दुसरा सर्जन आत काय दिसलं ते लिहून ठेवतो, आणि पुढं कधी वाद झालाच तर त्या नोंदीइतका बोलका पुरावा दुसरा नसतो.

मग दोष कशावरून ठरतो? गर्भाशय काढण्याची गरज होती का, की आधी गोळ्या-औषधांचा मार्ग होता? तो मार्ग तिला सांगितला होता का? लघवी गळते असं कळवल्यावर तिला बोलावून तपासलं का, की फोनवरच वाटेला लावलं? माझा संशय या शेवटच्या प्रश्नावर आहे, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. या सगळ्याची उत्तरं दवाखान्याच्या कपाटात आहेत: ऑपरेशनची नोंद, भूल देणाऱ्याचा कागद, नर्सचा रोजचा चार्ट, संमतीपत्र. रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत हे कागद द्यावेत असं डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. काउंटरवर मात्र ‘मॅडम बाहेरगावी आहेत’, ‘वकिलाची नोटीस आणा’, ‘कशाला पाहिजेत?’ यांपैकी एक ऐकू येतं. त्यात ते कागद जपून ठेवण्याची सक्ती तीनच वर्षांची आहे.

महोदय, वैद्यकीय निष्काळजीपणाचा विषय निघाला की देशभरातले वकील ज्या निकालापासून सुरुवात करतात, तो खटला मराठी मुलखातलाच आहे. जोशी विरुद्ध गोडबोले, सर्वोच्च न्यायालय, १९६८. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला, डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैलावर, म्हणून बाज आणून त्याला उचलून न्यावं लागलं. गावच्या डॉक्टरनं पायाला लाकडी फळ्या बांधल्या. मग टॅक्सीत आडवा टाकून दोनशे मैल, रात्री एकला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला पुणे. तिथं हाड बसवताना पुरेशी भूल न देता पाय जोरानं ओढला गेला, आणि त्या धक्क्यानं मुलगा त्याच रात्री गेला, असं न्यायालयांनी मानलं. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी कारण वेगळं लिहिलं होतं, ते टिकलं नाही. भरपाई तीन हजार रुपये.

बाज आणि टॅक्सी इथपर्यंत ही गोष्ट भामरागडची वाटते. पर्लकोटेला पूर आला की आजही माणूस बाजेवरूनच निघतो. फरक पुढं आहे. त्या मुलाचे वडील स्वतः दौंडला डॉक्टरकी करत होते. मुलाला काय दिलं, काय द्यायला हवं होतं, दाखल्यावर लिहिलेलं कारण का पटत नाही, हे त्यांना कळत होतं. अशा बापालाही सर्वोच्च न्यायालयातून निकाल हाती यायला पंधरा वर्षं लागली. आमच्याकडच्या माडिया बापाला ‘अनइव्हेंटफुल’ म्हणजे काय हे विचारायला माणूस शोधावा लागतो. त्याची भाषा गोंडी किंवा माडिया, सिरोंच्याकडच्याची तेलुगू, मुलचेऱ्याच्या कॅम्पमधल्याची बंगाली. कागद इंग्रजीत, शिक्का मराठीत.

आणि कोणत्या दारानं आत गेलात त्यावर बाहेर पडायचं दार ठरतं, हे तर कुणालाच ठाऊक नसतं. पैसे भरून खासगीत गेलात तर आपण ग्राहक. १९९५ च्या शांता खटल्यापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. नव्या, २०१९ च्या कायद्यानं तर रुग्ण जिथं राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ऑपरेशन नागपुरात झालं असलं तरी गडचिरोलीच्या आयोगात. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षं. फक्त पैसे दिल्याचं दाखवावं लागतं, आणि इथं त्या गोल काढलेल्या चिठ्ठीची किंमत कळते.

फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर रुग्णाला वाटतं, फुकट झालं, आता बोलायचा अधिकार नाही. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. त्यामुळं हा गैरसमज आमच्याकडे इतरांपेक्षा जुना आहे. खर्च विमा कंपनीनं उचलला म्हणून सेवा फुकट ठरत नाही, हे शांता निकालातच लिहिलेलं आहे.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा मार्ग आणखी वेगळा. मृत्यू, गुंतागुंत किंवा शस्त्रक्रिया अयशस्वी होणं, तिन्हींसाठी ठरलेली भरपाई आहे. कोर्ट नको, वकील नको. पण अर्ज नव्वद दिवसांत. छत्तीसगडात बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. तेथील अशा शिबिरांनंतर त्या महिन्यात तेरा जणी दगावल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सांगितलं की तीन वर्षांत शिबिरं बंद करा, बाईला तिला समजेल त्या भाषेत सगळं समजावा आणि सही घेण्याआधी विचार करायला तासभर वेळ द्या. तो तास आपल्या जिल्ह्यांत किती जणींना मिळतो, हे आपण सहज तपासू शकता. अधिकार आपल्याकडे आहे.

उरला सरकारी दवाखाना, जिथं आमचे बहुसंख्य लोक जातात. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतो, तिथं ग्राहक आयोगाचं दार बंद. मग दिवाणी दावा. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदी केलेल्या एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. खालच्या कोर्टानं ३६ हजार मंजूर केले, उच्च न्यायालयानं ते काढून घेतले. दवाखाना चालवणं हे काही सरकारचं सार्वभौम काम नव्हे, नोकराच्या चुकीला मालक म्हणून शासन जबाबदार, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा दिले. तारीख फेब्रुवारी १९९६. खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन. एका टॉवेलसाठी साडेबत्तीस वर्षं.

म्हणजे ज्याच्याकडे पस्तीस हजार होते त्याला बिनफीचं, बिनवकिलाचं दार. ज्याच्याकडे तेवढेही नव्हते त्याला शासनाला दोन महिन्यांची नोटीस, कोर्ट फी, साक्षी-पुरावे. हे उफराटं गणित बदलणं आपल्या हातात नाही, पण त्याची धार बोथट करायला कायद्यानं आपल्याला नेमलं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. धानोऱ्याची ती बाई दोन्ही अर्थांनी पात्र आहे. तिनं आपलं नाव ऐकलेलं नाही. तिच्या गावात आपलं कायदेविषयक शिबिर झालं नाही असं नाही. बॅनर लागला, सत्कार झाले, पोक्सो आणि हुंडाबंदीवर भाषणं झाली, चहा झाला. दवाखान्याच्या कागदाबद्दल कुणी बोललं नाही.

कुणी सांगायला नसलं की काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचताच. प्रेत ताब्यात घ्यायला नकार, दवाखान्यासमोर जमाव, ‘गुन्हा दाखल करा’ अशी मागणी, एखादा पुढारी मध्यस्थीला. रात्री बंद खोलीत पाकीट फिरतं आणि सकाळी सगळं शांत. त्या पाकिटात किती होतं, कुणी किती काढून घेतलं, कशावर अंगठा घेतला, याचा पत्ता मेलेल्याच्या घरच्यांनाही नसतो. पोलीस ठाण्याचा रस्ता मी सहसा सुचवत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरला फौजदारीत ओढण्यासाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आधी त्या विषयातल्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. ते बरोबरच आहे असं मला वाटतं. रागाच्या भरात केलेली फिर्याद बहुधा टिकत नाही, आणि ती पडेपर्यंत ग्राहक आयोगाची दोन वर्षं उलटून गेलेली असतात.

इथं एक गोष्ट आमच्या लोकांनाही ऐकवायला हवी. अहेरीच्या पलीकडे रात्री पोट उघडायला तयार असलेला सर्जन किंवा भूलतज्ज्ञ मिळणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला विचारा. केसची भीती वाढली की डॉक्टर पहिला आसरा ‘रेफर’चा घेतो. चिठ्ठी लिहिली की जबाबदारी गेली. अडलेली बाळंतीण मग गडचिरोली, तिथून चंद्रपूर नाही तर नागपूरचं मेडिकल, अशी फिरत राहते, आणि जे वाचू शकलं असतं ते रस्त्यात जातं. एकुलत्या एका सर्जनला कोर्टात उभं करताना गावानं दहा वेळा विचार करावा, असं मी स्वतः लोकांना सांगतो. पण विचार करावा असं सांगणं वेगळं, आणि विचार करायला काहीच हाती न देणं वेगळं. माझा अनुभव असा की कागद मिळाले, एखाद्या जाणत्या डॉक्टरनं शेजारी बसवून काय झालं ते सांगितलं, की अर्ध्याहून अधिक घरं केसचा विषय आपणहून सोडतात. त्यांना भरपाईपेक्षा हे हवं असतं की आपल्या माणसाचं काय झालं ते कुणीतरी खरं सांगावं. जी उरतात, त्यांच्या तक्रारीत बहुधा दम असतो.

तो जाणता डॉक्टर कुठला? हा सगळ्यात अवघड भाग. मत मागायचं झालं की प्रकरण जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जातं. ऑपरेशन त्यांच्याच रुग्णालयात झालेलं असेल तर ते स्वतःच्या घरच्या भांडणात पंच होतात. शिवाय दोन जिल्ह्यांतले सर्जन एकमेकांना पहिल्या नावानं ओळखतात. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये किशन राव खटल्यात सांगितलं. ती गोष्ट आमच्या लोकांना फार लवकर कळते. हैदराबादच्या एका दवाखान्यानं मलेरियाच्या बाईवर टायफॉइडचे उपचार केले, ती गेली. नवरा मलेरिया खात्यातच अधिकारी होता. गडचिरोलीत थंडी वाजून ताप आला की शेंबडं पोर मलेरिया म्हणतं. तिथं कुठल्या तज्ज्ञाला विचारायचं? जिल्हा ग्राहक मंचानं दिलेले दोन लाख राज्य आणि राष्ट्रीय आयोगानं तज्ज्ञमत नाही म्हणून नाकारले होते, ते सर्वोच्च न्यायालयानं परत दिले.

आता मागणं. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत, आणि अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात, आपला एक विधी स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी बसावा. गोंडी किंवा तेलुगू येणारा असावा. त्याचं काम केस उभी करणं नव्हे. रुग्णाच्या नावानं कागदांची लेखी मागणी करून पोच घेणं, कोणतं दार लागू आहे ते सांगणं, आणि मुदतीची शेवटची तारीख डिस्चार्ज कार्डाच्याच पाठीमागे मराठीत लिहून देणं. ७२ तासांत कागद मिळाले नाहीत तर प्राधिकरणाच्या लेटरहेडवर एक पत्र जावं. आपल्या शिक्क्याचं पत्र आलं की ‘मॅडम बाहेरगावी’ नसतात, हे मी वनहक्काच्या कामात पाहिलं आहे.

मतासाठी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांशी आपण बोलून ठेवावं. सरकारी रुग्णालयाविरुद्धची तक्रार तरी जिल्ह्याबाहेरच्या डॉक्टरनं वाचावी. मृत्यूच्या प्रकरणात पाकीट फिरायच्या आत आपल्या वकिलानं घरच्यांपाशी पोचावं. तडजोड व्हायची तर ती कागदावर, रक्कम लिहून, आपल्यासमोर व्हावी. आपल्याच कायद्याच्या कलम २२-अ मध्ये दवाखान्याची सेवा कायमस्वरूपी लोकअदालतीच्या कक्षेत आहे. तिची बैठक अहेरीला, सिरोंच्याला लागली तर माणसाचा दोनशे किलोमीटरचा हेलपाटा वाचेल. पण तिथला निकाल अंतिम असतो आणि अर्ज केल्यावर दुसऱ्या कोर्टात जाता येत नाही, हे अर्जावर अंगठा घेण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे. नाही तर लोकअदालत म्हणजे शिक्का मारलेलं पाकीट होईल.

धानोऱ्याच्या त्या बाईची फिस्टुलाच्या दुरुस्तीसाठी नागपूरला तपासणी ठरली आहे. कागदांची मागणी रजिस्टर पोस्टानं केली, पोच आली, कागद आले नाहीत. तिच्या दोन वर्षांची मुदत पुढच्या रोवणीच्या आत संपते. केस करायची की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. आपल्या कार्यालयानं तिच्या वतीनं एक पत्र त्या दवाखान्याला पाठवावं, असा तिचा अर्ज सोबत नवऱ्याच्या हाती देतो आहे. तो सोमवारी गडचिरोलीला येईल. साहेब जेवायला गेलेत असं सांगून त्याला परत पाठवू नये. शेवटची बस चुकली तर त्याला रात्र बसस्टँडवर काढावी लागते.

आपला,
गडचिरोली जिल्ह्यातला एक कागद वाचणारा